भडका स्टोव्हचा, की आणखी कशाचा?

शाळेतले माझे तास दुपारी बाराला संपतात. शाहूपुरीतल्या घरी येऊन जेवणं, आवराआवर उरकली की पुढचा तासभर आम्हा जावाजावांच्या हक्काचा! हल्ली त्या तासात आम्ही एक परदेशी मालिका बघतो. तिच्यात जळालेल्या घरांतून काढलेले मृतदेह तपासणारी एक डॉक्टरीणबाई आहे. घरामागून घर पेटतं, माणसं दगावतात, सारे म्हणतात अपघात. ही मात्र म्हणते, थांबा, मला बघू द्या.

परवा धाकट्या जावेनं विचारलं, "अक्का, माणूस जळून मेलं, की मारून मग जाळलं, हे खरंच कळतंय काय हो?"

प्रश्न साधाच. पण मला एकदम लहानपणची आमची गल्ली आठवली. मी दहा वर्षांची असेन. शेजारची नवी सून 'स्टोव्हचा भडका उडून' गेली. बायकांनी मिळून ते स्वयंपाकघर खसाखसा धुऊन काढलं. संध्याकाळी तो स्टोव्हही कुठं दिसेना. तेव्हा वाटलं होतं, शेजारणी किती कामाला येतात! आज वाटतं, त्या पाण्याबरोबर काय काय वाहून गेलं असेल?

कारण जावेच्या प्रश्नाचं उत्तर आहे, "हो, पुष्कळदा कळतं." आणि ही विद्या आजची नव्हे. चीनमधली एक फार जुनी कथा सांगतात. एका बाईचा नवरा घराला आग लागून मेला. सासरच्यांना तिचाच संशय. न्यायाधिकाऱ्याने दोन डुकरं आणवली, एक मारलेलं आणि एक जिवंत, आणि दोन्ही जाळली. जिवंत जळालेल्याच्या तोंडात राख सापडली, मेलेल्याच्या नाही. नवऱ्याच्या तोंडातही राख नव्हती. बाईनं गुन्हा कबूल केला! पुढे १२४७ साली सुंग त्झ नावाच्या अधिकाऱ्याने शवतपासणीवर ग्रंथ लिहिला, त्यातही हीच खूण दिली आहे.

आजचे डॉक्टरही आधी तेच बघतात. आगीत सापडलेलं माणूस श्वास घेत असेल, तर धुराची काजळी श्वासनलिकेत खोलवर उतरते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात मिसळतो. मेलेलं माणूस श्वास घेत नाही. जिवंतपणी भाजलं तर जखमेच्या कडेला लाली येते. मात्र एकट्या काजळीवर निकाल होत नाही. मोकळ्या जागी एकदम भडका उडाला तर ती जिवंत माणसातही नसू शकते. उलट, जळालेल्या देहाच्या मुठी वळलेल्या दिसल्या की लोक म्हणतात झटापट झाली. तसं नसतं, उष्णतेनं स्नायू आखडतात, एवढंच.

आता स्वयंपाकघराकडे वळू. पदराने पेट घेतला तर भाजणं साधारणपणे पुढच्या बाजूने, खालून वर जातं. डोक्यावरून रॉकेल ओतलं असेल तर केसांना वास राहतो. म्हणून डॉक्टर केस आणि कपड्यांचे तुकडे हवाबंद बाटलीत घालून प्रयोगशाळेकडे पाठवतात. उघडे ठेवले तर रॉकेल उडून जातं. स्टोव्हची टाकी फुटली आहे का, त्यात रॉकेल किती उरलं, भांड्यात काय शिजत होतं, हे सारं पंचनाम्यात यावं लागतं. स्टोव्हच धुऊन माळ्यावर गेला तर पंचनाम्यात काय लिहायचं?

मालिकेतल्या बाईसारखा स्वतंत्र अधिकारी आपल्याकडे नसतो. मुंबईत कॉरोनर असे, पण ते पदही १९९९ साली गेलं. आपल्याकडे पोलीस पंचनामा करतात आणि सरकारी डॉक्टर शवविच्छेदन. म्हणजे डॉक्टरांना दिसतो तो फक्त देह. घर पाहिलेलं असतं ते शेजाऱ्यांनी.

दिल्लीच्या सुधा गोयल हिचंच बघा. १ डिसेंबर १९८० रोजी ही गर्भवती सून जळून गेली. तिच्या किंकाळ्या ऐकून शेजारी धावले आणि तिने जे सांगितलं ते त्यांनी कोर्टात जाऊन सांगितलं. हायकोर्टात सुटलेल्या नवऱ्याला आणि सासूला सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये जन्मठेप दिली. शेजारी गप्प बसले असते तर?

कायदाही तेव्हापासून बदलला. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला, किंवा तिच्या नातेवाइकाने मागणी केली, तर शवविच्छेदन झालंच पाहिजे, असं १९८३ साली ठरलं. अशा संशयास्पद मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यानेही करायची असते. १९८६ मध्ये हुंडाबळी हा वेगळा गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मरणाऱ्या बाईची जबानीही मोलाची. ती शुद्धीवर होती अशी दंडाधिकाऱ्याची खात्री असेल, तर केवळ डॉक्टरचा दाखला नाही म्हणून जबानी फेटाळता येत नाही, असं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलं.

मग आपण काय करायचं? आधी जीव वाचवा. पेटलेल्या बाईला जमिनीवर आडवी करून जाड घोंगडी टाका, भाजल्या जागी वीसेक मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. तूप, शाई, टूथपेस्ट काही लावू नका, चिकटलेलं कापड ओढू नका. १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. ती काही बोलली तर तिचेच शब्द लक्षात ठेवा. ती दवाखान्यात गेली की खोलीला कडी घाला. फरशी धुऊ नका, स्टोव्ह, काडेपेटी, डबा हलवू नका. पोलीस येईपर्यंत थांबा, आणि विचारतील तेव्हा पाहिलं तेवढंच सांगा, न पाहिलेलं जोडू नका. निरपराध सासूलाही खऱ्या पंचनाम्याचाच आधार असतो, बरं का!

आता बहुतेक घरी गॅस आला, स्टोव्ह अडगळीत गेले. तरी भिंतीपलीकडचं रडणं ऐकू आलं की आपण अजून टीव्हीचा आवाज वाढवतो. "त्यांच्या घरचं आहे," म्हणतो. त्याऐवजी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं तिचं दार वाजवायला काय हरकत आहे? तिला १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर सांगा. जिवावरच बेतलं असेल तर ११२ आपणच फिरवा.

जावेला मी एवढंच म्हटलं, "अगं, मेलेली बाई डॉक्टरांशी बोलते, हे खरं. पण जिवंत असताना ती आपल्याशी बोलायला बघत असते. तेव्हा ऐकलं, तर डॉक्टरांना ऐकायची वेळच येणार नाही."