महामार्गाला रेल्वे फाटक का चालत नाही?

नवी मुंबई, प्रतिनिधी

शीव-पनवेल महामार्गाने वाशीहून कळंबोली आणि तेथून द्रुतगती मार्गाने पुण्याकडे जाणाऱ्या वाहनचालकाला वाटेत एकाही रेल्वे फाटकापाशी थांबावे लागत नाही. लोहमार्ग आडवा येतो, तो पुलावरून किंवा पुलाखालून. (शीळ फाटा, पळस्पे फाटा ही नावे ऐकून नवख्यांची गफलत होते, फाटा म्हणजे रस्त्याला फुटलेली वाट, फाटक नव्हे.) ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिची दखलही कोणी घेत नाही. वेगवान रस्ता आणि लोहमार्ग एकाच पातळीवर का येऊ देत नाहीत, याचे उत्तर मात्र साध्या गणितात आहे.

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. या वेगाला चालकाला अडथळा दिसून वाहन सुरक्षितपणे थांबेपर्यंत १८० मीटर अंतर मोकळे हवे, असे भारतीय रस्ते महासभेचे मानक सांगते. ताशी ५० किलोमीटर वेगाला हेच अंतर ६० मीटर पुरते. म्हणजे वेग दुप्पट झाला की अंतर तिप्पट होते. रेल्वेची स्थिती याहून बिकट. भरधाव गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला अनेकदा किलोमीटरभर अंतर लागते. मोटरमनला फाटकात अडकलेला ट्रक दिसला तरी त्याच्या हाती भोंगा वाजवण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. थांबण्याची सगळी जबाबदारी रस्त्यावरील वाहनावर येते आणि वेगवान महामार्गावरचा चालक तर थांबावे लागणार नाही हेच गृहीत धरून निघालेला असतो.

फाटकावर माणूस आहे, मग धोका कसला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर फाटकाच्या रचनेत सापडते. आधुनिक फाटक सिग्नलशी जोडलेले असते. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही आणि गाडी पुढे गेल्याशिवाय फाटक उघडत नाही. अपघात टाळण्यासाठी ही व्यवस्था उत्तम. पण रस्त्यावरील रांग हटली नाही आणि फाटक लागले नाही, तर लोकल सिग्नलला खोळंबते. मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाला दिव्याच्या फाटकाने दिलेला त्रास उपनगरी प्रवाशांना वेगळा सांगायला नको. रस्ता आणि रेल्वे, दोघांचेही नुकसान करणारी ही एकच जागा असते.

जेथे अशी जोडणी नाही, तेथे स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यातील दूरध्वनीवरच्या निरोपावर सारे अवलंबून असते. तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यात ८ जुलै २०२५ रोजी अशाच फाटकावर रेल्वेने शाळेच्या व्हॅनला धडक दिली आणि ३ विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर कमी वर्दळीच्या फाटकांनाही सिग्नलशी जोडण्याचा निर्णय रेल्वेने घेतला. महाराष्ट्राने याहून भीषण प्रसंग पाहिला आहे. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान येथे, गेटमन नसलेल्या फाटकावर लग्नाच्या वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीने उडवले. ५० हून अधिक जण दगावले. ब्रॉडगेजवरील गेटमन नसलेली सर्व फाटके जानेवारी २०१९ पर्यंत हटवण्यात आली. गेटमन असलेली सुमारे १७ हजार मात्र देशात उरली.

राष्ट्रीय महामार्ग फाटकमुक्त करण्यासाठी केंद्राने ४ मार्च २०१६ रोजी 'सेतू भारतम्' योजना जाहीर केली. २०८ रेल्वे उड्डाणपूल, २० हजार ८०० कोटी रुपये आणि २०१९ ची मुदत असा तिचा आराखडा होता. मुदतीत सारे पूल झाले नाहीत. कारण पैशापेक्षा जमिनीत दडले आहे. रुळांवरचा भाग सहसा रेल्वे बांधते, दोन्ही बाजूंचे चढ-उतार राज्य सरकार किंवा पालिका. वस्ती हलवायची, मोबदला ठरवायचा, या घोळात चढाचे काम रखडते आणि रुळांवर तेवढाच पूल अधांतरी उभा राहतो.

नवी मुंबई या घोळातून बव्हंशी सुटली, कारण येथे रेल्वे शहरासोबत आली. १९९२ मध्ये वाशीपर्यंत आणि २००४ मध्ये ठाण्याहून लोकल आली, तेव्हा सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के खर्च उचलला होता. जमीन सिडकोच्या ताब्यात होती. रस्ते कोठून वर न्यायचे आणि कोठून खाली, हे नकाशावरच ठरवता आले. दिवा-पनवेल मार्गाचे तसे नाही. तो जुना, वस्ती त्याच्याभोवती नंतर वाढली.

जेएनपीटीपर्यंतच्या समर्पित मालवाहतूक मार्गामुळे हा मुद्दा अधिक टोकदार होतो. त्यावरील गाडी दीड किलोमीटरपर्यंत लांब असू शकते. ताशी ३० किलोमीटर वेगाने ती फाटकावरून जायची म्हटली, तर केवळ ती ओलांडण्यातच तीन मिनिटे जातील. फाटक लावण्या-उघडण्याचा वेळ निराळा. तेवढ्यात कंटेनर ट्रेलरची रांग किती लांब जाईल, हे उरण रस्त्यावर रोज जा-ये करणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच या मार्गासाठी फाटकांऐवजी उड्डाणपूल आणि भुयारी मार्गांचे धोरण स्वीकारले गेले.

भुयारी मार्ग मात्र कोकणच्या पावसात स्वतःच अडचण बनतो. तळोजा येथे दिवा-पनवेल रुळांखालच्या भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी साचते. वाहने वळसा घालून जातात आणि पंपाने पाणी उपसले जाईपर्यंत रुळांच्या दोन बाजूंची वस्ती एकमेकांपासून तुटते.