मीटर किलोमीटर मोजत नाही

शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडला पोचलं की एका स्कूटरचं मीटर एक आकडा दाखवतं, सोबतच्या स्कूटरचं दुसराच. मग वाद ठरलेला: 'तुझं मीटर बिघडलंय.' हे इतक्यांदा कानावर येतं की एकदा स्पष्ट सांगायलाच हवं. दोन्ही मीटरं धडधाकट असू शकतात. मीटर अंतर मोजतच नाही. ते चाकाच्या फेऱ्या मोजतं आणि कारखान्यात गृहीत धरलेल्या परिघाने त्यांचे किलोमीटर करतं.

पटत नसेल तर टायरवरचे आकडे वाचा. 90/100-10 म्हणजे रुंदी 90 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 100 टक्के, म्हणजे तीही 90, आणि रिम 10 इंची, म्हणजे 254 मिलिमीटर. रिमच्या वर टायर, खालीही टायर, व्यास 434. त्याला पायने, म्हणजे 3.14 ने, गुणलं की परीघ सुमारे 1 मीटर 36 सेंटिमीटर. किलोमीटरला साधारण 734 फेऱ्या.

आता मीटर ज्या चाकावर चालतं त्याचा टायर 4 मिलिमीटर झिजला. व्यास 8 ने घटला, 4 ने नव्हे. बहुतेक जण इथेच चुकतात. तेवढ्याच 734 फेऱ्यांत गाडी सुमारे 982 मीटर जाते आणि मीटर अख्खा किलोमीटर मांडतं. म्हणजे झिजलेल्या टायरवर 55 दिसणारं अ‍ॅव्हरेज मुळात 54 चं असतं. नवा टायर टाकल्यावर 'अ‍ॅव्हरेज पडलं' म्हणून पेट्रोलपंपावर भांडणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा. हवा कमी असली किंवा मागे दोघं बसली, तरी चाक दबतं आणि फेऱ्या थोड्या वाढतात.

चाकाच्या हिशेबातले आणखी काही गैरसमजही कानावर येतात. 'पाय म्हणजे बरोबर 22/7.' नाही. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये आर्यभटीयाच्या गणितपादात 20000 व्यासाला 62832 परीघ दिला आणि त्यालाही 'आसन्न', म्हणजे जवळपासचा, म्हटलं. 22/7 वापरल्याने 10 किलोमीटरमागे चारच मीटरचा फरक पडतो, तेव्हा शाळेत खुशाल वापरा.

'चाक दुप्पट मोठं, तर अंतर चौपट.' चौपट होतं क्षेत्रफळ, परीघ दुप्पटच.

'सायकलच्या पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा.' पुढे 44 दाते आणि मागे 18 असतील, तर चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं.

'बैलगाडीच्या तुंब्याचा परीघ घेतला तरी चालतो, फेऱ्या सारख्याच.' फेऱ्या सारख्या असल्या तरी जमिनीला टेकते ती धाव, म्हणजे चाकाची बाहेरची लोखंडी पट्टी; मधला तुंबा नव्हे.

'ट्रॅक्टरच्या चाकाच्या फेऱ्यांवरून खाचराची लांबी काढता येते.' चिखलणीत चाक जागच्या जागी घसरतं. तिथे हे गणित लागू नाही.

गाडीचा खरा परीघ हवा असेल तर टायरला चुन्याची खूण करा, कुणाला तरी गाडीवर बसवून सपाट जागी दहा फेरे ढकला, टेपने अंतर मोजा आणि दहाने भागा. मीटरला नावं ठेवण्याआधी एवढं करून बघा.