जुन्या कार टेपला घरच्या घरी ऑक्स जॅक

जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा जीप चालवणाऱ्यांनो, तुमचा कॅसेट टेप भंगारात देऊ नका! त्याचा अँप्लिफायर चांगला असेल, तर एमपीथ्री प्लेअर किंवा मोबाईल त्याला सहज जोडता येतो.

सामान: ३.५ मिमी स्टीरिओ सॉकेट, शील्डेड वायर, १० मायक्रोफॅरडचे दोन नॉन-पोलर कपॅसिटर, दोन्ही चॅनेल एकदम बदलणारा टॉगल स्विच, सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर.

१) आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मगच टेप बाहेर घ्या.

२) व्हॉल्यूमचं गोल बटण असलेल्या टेपमध्ये प्रीअँपचा सिग्नल व्हॉल्यूम कंट्रोलच्या ज्या दोन टोकांवर येतो, ती शोधा. जोडणी तिथेच करायची. कॅसेटच्या हेडला जोडलंत तर आवाज फाटणार, कारण तिथला सिग्नल फार क्षीण असतो.

३) प्लगचं टोक डावा चॅनेल, मधली कडी उजवा, मागचा भाग ग्राउंड. प्रत्येक चॅनेलच्या वाटेत एक कपॅसिटर टाका, म्हणजे सर्किटमधला डीसी प्लेअरपर्यंत पोहोचत नाही.

४) स्विचने टेप किंवा ऑक्स, एकच सिग्नल पुढे जाऊ द्या.

५) ग्राउंड व्हॉल्यूम कंट्रोलजवळच घ्या, स्पीकरच्या तारेवरून कधीच नको. अनेक टेपमध्ये ती तार ग्राउंड नसते. अँप जळू शकतो.

चार्जिंग लावल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी शिट्टी ऐकू आली, तर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

सोल्डरिंग जमत नसेल, तर कॅसेट अडॅप्टर वापरा. त्यासाठी टेपचं हेड आणि मेकॅनिझम मात्र चालू हवं.

तुमच्या टेपचं मॉडेल कमेंटमध्ये लिहा, जोडणी कुठे करायची ते मिळून शोधू.