उपचार म्हणजे भेटायला येणारी माणसं

ऑगस्ट 1939. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे रबराच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या सेंट थॉमस हॉस्पिटलात रुग्ण दाखल करून घेण्याच्या टेबलाशी सिस्टर इग्नेशिया बसायच्या. अंगानं अगदी किरकोळ. आधी संगीत शिकवायच्या, पण त्या कामाच्या ताणानं तब्येत ढासळली म्हणून इकडे आल्या होत्या. त्यांच्याकडे डॉ. बॉब स्मिथ नावाचे सर्जन एका दारुड्याला घेऊन आले. दारुड्याला खाट द्यायची नाही, हा तेव्हाच्या बहुतेक रुग्णालयांचा शिरस्ता होता. ही माणसं धिंगाणा घालतात, बिल बुडवतात, आणि बरी होऊन गेली तरी आठवड्यात पुन्हा दारात उभी राहतात. सिस्टरनी कागदावर ‘तीव्र जठरदाह’ असं निदान लिहिलं आणि त्याला दोन खाटांच्या एका खोलीत आत घेतलं.

त्यानंतर डॉक्टर आणखी एक मागणी घेऊन आले. याला स्वतंत्र खोली देता येईल का? काही माणसं भेटायला येणार आहेत, त्यांना याच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे. स्वतंत्र खोली शिल्लकच नव्हती. मग रुग्णांसाठी आलेली फुलं जिथे नीट लावून ठेवत, त्या चिंचोळ्या खोलीत सिस्टरनी त्याची खाट ढकलायला लावली.

खोट्या निदानाचं धाडस मोठं आहेच, पण मी थक्क होतो ते डॉक्टरांच्या मागणीनं. एक शिकलासवरलेला सर्जन आपल्या रुग्णासाठी नवं औषध मागत नाही, विशेषज्ञ मागत नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी जागा मागतो. कारण ती माणसं हाच त्याच्या मते उपचार होता. आणि ती होती कोण? परवापरवापर्यंत स्वतः रस्त्यात पडणारी. खुद्द डॉक्टरही त्यांच्यातलेच.

हे समजायला चार वर्षं मागं जावं लागतं. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा माणूस. 1929 च्या मंदीत पैसा गेला, उरलंसुरलं दारूनं नेलं. दारू उतरवण्यासाठी तो टाउन्स हॉस्पिटल नावाच्या खासगी रुग्णालयात पुन्हा पुन्हा दाखल व्हायचा. तिथले डॉ. विल्यम सिल्कवर्थ त्या काळात फारसं कुणी न म्हटलेली एक गोष्ट सांगत: हा चारित्र्याचा दोष नाही, आजार आहे. पहिला घोट पोटात गेला की शरीर थांबू शकत नाही, आणि मन तो पहिला घोट घ्यायला लावल्याशिवाय राहत नाही. त्यांनी याला अ‍ॅलर्जी म्हटलं. आजचं वैद्यक तसं मानत नाही. पण ‘तू वाईट आहेस’ याच्या जागी ‘तू आजारी आहेस’ हे ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल, याची कल्पना ज्याच्या घरात पिणारा माणूस आहे त्याला सहज येईल.

डिसेंबर 1934 मध्ये त्याच रुग्णालयात बिलची दारू सुटली. तिथे आलेल्या एका विलक्षण आध्यात्मिक अनुभवानं तो भारून गेला आणि दिसेल त्या दारुड्याला उपदेश करत सुटला. पाच महिने झाले, एकही माणूस सुधारला नाही. बिल खचला. बायको लोइस म्हणाली, पण तू तर प्यायला नाहीस ना! सिल्कवर्थनी दुसरी कळीची गोष्ट सांगितली: दिव्य प्रकाशाच्या गोष्टी बंद कर, आधी आजार किती भयंकर आहे ते सांग, आपलं जे झालं ते सांग.

मे 1935 मध्ये बिल धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रनला आला होता. काम फिसकटलं. शनिवारची दुपार, मेफ्लॉवर हॉटेलची लॉबी, खिशात जेमतेम पैसे. एका टोकाला बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. पाय बारकडे ओढ घेताहेत हे त्याला कळलं, आणि त्याचबरोबर आपल्याला या क्षणी डॉक्टर नको, पाद्री नको, दुसरा दारुडा हवा आहे हेही कळलं. त्याला सुधारायला नव्हे, स्वतः वाचायला. त्यानं फोन उचलला. एका पाद्र्यापासून सुरू झालेली फोनाफोनी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी, 12 मे रोजी संध्याकाळी त्यांच्या घरी डॉ. बॉब येऊन बसले. हात थरथरत होते. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असं त्यांनी बायकोकडून कबूल करून घेतलं होतं. उठले ते सहा तासांनी.

त्या सहा तासांत असं काय झालं? डॉ. बॉब वैद्यक जाणत होते. प्रार्थनेच्या बैठकांनाही दोन-अडीच वर्षं जात होते आणि घरी येऊन पीत होते. म्हणजे ज्ञान होतं, श्रद्धा होती, प्रेमानं सांगणारी बायको होती. नव्हता तो असा माणूस, ज्यानं बाटल्या त्याच जागी लपवल्या आहेत आणि सकाळी त्याच शपथा घेतल्या आहेत. शिवाय समोरचा माणूस उपकार करायला आलेला नव्हता. तो सांगत होता, मला तुमची गरज आहे. दवाखान्यात, मठात, समाजसेवेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. इथे हा उतारच सपाट झाला. ज्या गोष्टीची आयुष्यभर लाज वाटली तीच दुसऱ्याच्या उपयोगी पडायची पात्रता ठरली. व्यसनमुक्तीच्या सगळ्या विचारात याहून मूलगामी वाक्य मला सापडलेलं नाही, आणि ते कुणी लिहून ठेवलेलं वाक्य नसून दोन माणसांच्या बोलण्यातून घडलेली गोष्ट आहे.

त्या भेटीनं चमत्कार मात्र झाला नाही. तीन-चार आठवड्यांत डॉ. बॉब वैद्यकीय अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला गेले आणि आगगाडीत बसल्यापासून प्यायला लागले. परतल्यावर बिलनं आणि अ‍ॅननं, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तीन दिवस त्यांना सांभाळलं, कारण पुढे एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून बिलनं त्यांना बिअरची एक बाटली दिली. तो त्यांचा शेवटचा घोट. शस्त्रक्रिया झाल्यावर ते कितीतरी तास घरी आलेच नाहीत. घरच्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. प्रत्यक्षात ते गावभर फिरत होते: ज्यांचे पैसे थकवले, ज्यांची मनं दुखावली, त्यांच्या दारी जाऊन कबुली देत होते. ती तारीख, 10 जून 1935, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापनादिन म्हणून पाळतात. काही अभ्यासक ती आठवडाभर पुढची मानतात. माझ्या लेखी तारखेपेक्षा ती दारोदार फिरण्याची दुपार मोलाची आहे, कारण दारू सोडणं आणि दारूनं मोडलेलं दुरुस्त करायला लागणं या दोन गोष्टी तिथे एकाच दिवशी एकत्र आल्या.

पुढचं आश्चर्य पैशाचं. 1937 च्या अखेरीस बिलच्या डोक्यात रुग्णालयांची साखळी, पगारी प्रचारक, पुस्तकं असे मोठे बेत होते. त्यासाठी जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या माणसांबरोबर बैठक जमली. सगळं ऐकून त्यांच्यातल्याच एकानं विचारलं, पैशानं हे बिघडणार नाही का? त्यांच्या वतीनं अ‍ॅक्रनला जाऊन काम पाहून आलेल्या गृहस्थांनी 50,000 डॉलरची शिफारस केली होती. रॉकफेलरनी दिले 5,000. त्यातून डॉ. बॉबच्या घरावरचं कर्ज फिटलं आणि दोघांच्या घरखर्चाला थोडा हातभार लागला, बस. बिल आधी हिरमुसला, पण पुढे या संघटनेनं हाच नियम करून टाकला: बाहेरून देणगी घ्यायची नाही. बैठकीत डबा फिरतो, ज्याला जमेल तो नाणं टाकतो, आणि सभासदानंही वर्षाकाठी किती द्यावं याला वरची मर्यादा आहे. देणगी नाकारणारी संस्था आपल्या आसपास शोधून पाहावी!

1950 साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारलेल्या बारा परंपरांमध्ये हे सगळं पक्कं झालं. सभासद व्हायला फी नाही, शिफारस नाही. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. प्रत्येक गट स्वायत्त. कुणाची सत्ता नाही, कामं आळीपाळीनं. राजकारण, दारूबंदी, धर्म यांवर मत द्यायचं नाही. सभासदांनी नाव लपवण्यामागे आधी निव्वळ भीती आणि लाज होती. नंतर नाव लपवण्याचा अर्थ बदलला. 1940 मध्ये रॉली हेम्सली या नामांकित बेसबॉलपटूनं वर्तमानपत्रांत आपलं नाव जाहीर करून एएला श्रेय दिलं आणि प्रसिद्धीची चटक इतरांनाही लागली, खुद्द बिललाही. तेव्हा उमगलं की ‘मी सोडली’ या वाक्यातला ‘मी’ दारूइतकाच घातक ठरू शकतो. 1954 मध्ये येल विद्यापीठाची मानद पदवी बिलनं नाकारली. ‘टाइम’च्या मुखपृष्ठालाही नकार दिला. इतका महत्त्वाकांक्षी माणूस स्वतःला असा रोज लगाम घालत राहिला, हे मला त्याच्या दारू सोडण्याहून कठीण वाटतं.

देवाच्या प्रश्नावर मात्र घरातच भांडण झालं. दारू सोडू पाहणाऱ्यानं क्रमानं काय करायचं ते सांगणाऱ्या एएच्या बारा पायऱ्या लिहिल्या जात असताना, 1938 मध्ये, जिम बर्वेल हा पक्का नास्तिक विक्रेता अडून बसला. शेवटी ज्यानं त्यानं आपल्या समजुतीप्रमाणे देव मानावा, इथवर तडजोड झाली. एका माणसाच्या हट्टामुळे उघडलेल्या त्या फटीतून पुढे नास्तिक, बौद्ध, मुसलमान, वारकरी सगळे आत येऊ शकले. कित्येक जण गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात.

हे सगळं भारावून टाकणारं असलं तरी एए हा सगळ्यांवरचा इलाज नव्हे. 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि साडेदहा हजारांवर माणसं तपासली गेली. एएशी पद्धतशीर जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे 42 टक्के. इतर मान्य मानसोपचार घेतलेल्यांत सुमारे 35 टक्के. फुकटातल्या बैठकांनी प्रशिक्षित तज्ज्ञांच्या तोडीचं, किंचित वरचढच काम करावं हे थोर आहे. पण अर्ध्याहून जास्त माणसं त्या आकड्याच्या बाहेर राहतात हेही खरं. काही गटांत डॉक्टरांनी दिलेल्या औषधांकडेही नाक मुरडलं जातं. ते चुकीचं आहे, आणि एएच्या अधिकृत भूमिकेलाही धरून नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टरच हवा. बैठक त्यानंतर.

औषध आणि सोबत या दोन्ही गोष्टी एका छपराखाली आणण्याचं काम आपल्याकडे पुण्यात झालं. ऐंशीच्या दशकात शहरात गर्द हा अमली पदार्थ पसरू लागला, त्यावर अनिल अवचटांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदतीला पुढे आले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी तिथल्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळतात. तिथे डॉक्टर आहेत, औषधं आहेत, समुपदेशन आहे, आणि ज्यांनी स्वतः हे भोगलं आहे असे कार्यकर्तेही आहेत. नवा रुग्णमित्र दाखल होतो तेव्हा त्याच्या थापा ओळखणारी माणसं समोर असतात, कारण त्याच थापा त्यांनी कधीतरी मारलेल्या असतात. पत्नींसाठी वेगळा सहचरी गट आहे. याउलट, व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणारी, मारणारी ठिकाणं देशात आजही निघतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोविकार आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि साखळदंडाला सरळ मनाई केली आहे. तरीही आपल्या माणसाला नेण्याआधी नातेवाइकांनी आत जाऊन, तिथल्या रुग्णांशी बोलून यावं, असं मी आग्रहानं सांगेन.

एएच्या बैठकीत एखादा पिऊनच आला, तरी गोंधळ घालत नसेल तर त्याला बहुधा बसू देतात. आज बोलू नको, ऐक, उद्या परत ये, एवढंच सांगतात. ‘स्लिप’ झालेल्याची, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यायलेल्याची, मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि त्या पहिल्या दिवसालाही टाळ्या पडतात. सिस्टर इग्नेशिया रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक छोटा बिल्ला ठेवत आणि बजावत: पुन्हा प्यावंसं वाटलं तर पी, पण त्याआधी हा मला परत आणून दे. डॉ. बॉब नोव्हेंबर 1950 मध्ये वारले, तोवर त्या दोघांच्या हाताखालून सुमारे 5,000 माणसं गेली होती.

केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन 14446 आहे. त्या क्रमांकावर पिणाऱ्यानंच फोन करायला हवा असं नाही. आई, बायको, भाऊ, मित्र, कुणीही करू शकतं.