परदेशी नोकरी आणि ‘ईसीआर’चा शिक्का

- प्रतिनिधी

चुडावा (जि. परभणी) : पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्यासारख्या गावातून आखाती देशात नोकरीस जायचे ठरले, की पगाराचा आकडा आणि विमानाची तारीख यांची चौकशी घरोघर होते. पासपोर्टवर ‘ईसीआर’ ही अक्षरे का आहेत, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पुढच्या बहुतेक कागदपत्रांची दिशा या अक्षरांवरच ठरते.

ईसीआर म्हणजे ‘स्थलांतर मंजुरी आवश्यक’. दहावी उत्तीर्ण नसलेल्या अर्जदाराच्या पासपोर्टवर सहसा ही नोंद होते. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार अशा व्यक्तीस सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया आदी १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या केंद्रीय अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण, प्राप्तिकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले, तसेच तीन वर्षे परदेशी राहून आलेले यांना ही अट नाही. परिचारिकांसाठी मात्र २०१५ पासून, पासपोर्टवर ही नोंद नसली तरी, या देशांत नोकरीस जाताना मंजुरी आवश्यक करण्यात आली.

ही नोंद अनेकांना कमीपणाची वाटते. वस्तुतः कमी शिकलेल्या कामगाराची फसवणूक होऊ नये, यासाठीच ती आहे. मंजुरीसाठी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी प्रणालीत परदेशी मालक, भरती करणारा नोंदणीकृत एजंट आणि नोकरीचा करार यांची नोंद असावी लागते. पगार किती, काम कोणते, राहण्याची सोय कोणाकडे, हे तेथे लेखी येते. सोबत २००३ मध्ये सुरू झालेल्या प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी घ्यावी लागते. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये (कर वेगळा) एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाबद्दल १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते आणि त्याची पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख मागणाऱ्याने पावतीचे नाव काढले नाही, तर त्यात नवल ते काय!

खरा धोका पुढे आहे. पर्यटनासाठी जाताना स्थलांतर मंजुरी लागत नाही. नेमका याचाच फायदा घेऊन ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देऊ’ असे सांगितले जाते. मंजुरीची यातायात वाचते, पण तिच्यासोबत करार आणि विमाही जातो. आखाती देशांत व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा असल्याने पगार थकला तरी कामगार तक्रार करण्यास धजावत नाही. भारतीय दूतावास मदत करतो. परंतु ठरलेल्या पगाराचा एकही कागद हाती नसेल, तर मालकापुढे ठेवायचे काय?

कागदपत्रांचा दुसरा मोठा घोळ नावाचा. आपल्याकडे शाळेच्या कागदांवर बहुधा आधी आडनाव, मग स्वतःचे व शेवटी वडिलांचे नाव येते. पासपोर्टच्या अर्जात मात्र ‘सरनेम’ व ‘गिव्हन नेम’ असे दोनच रकाने असतात. वडिलांचे नाव गिव्हन नेममध्ये स्वतःच्या नावानंतर लिहावे आणि आडनावाचा रकाना कोरा सोडू नये. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा नाकारण्यास सुरुवात केली, तेव्हा अनेकांना या कोऱ्या रकान्याची किंमत कळली. गावाच्या नावाचेही तसेच. ‘चुडावा’तील ‘व’ इंग्रजीत ‘व्ही’ने लिहायचा की ‘डब्ल्यू’ने, हे एकदा ठरवून सर्व कागदांवर तेच ठेवावे.

पत्ता सध्याच्या वास्तव्याचाच द्यावा. गावचा पत्ता दिला, पण अर्जदार पुण्यात बांधकामावर किंवा ऊसतोडीला गेलेला असला आणि चुडावा पोलिसांच्या पडताळणीत सापडलाच नाही, तर प्रतिकूल अहवाल जाऊन प्रकरण अडकते.

पदवीधरांची वाट निराळी. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये १९९४ मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आली. त्याआधीच्या पदव्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या असल्याने पडताळणीही तिकडेच होते. पदवीवर प्रथम राज्य शासनाचे साक्षांकन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाची मोहर, असा सर्वसाधारण क्रम आहे. ‘अपोस्टिल’ ही मोहर २००५ पासून भारतात मिळते. ओमान, बहारीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया हे देश अपोस्टिल करारात आहेत. अमिरातीसारख्या करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाचे साक्षांकन वेगळे करावे लागते. कुटुंब न्यायचे असल्यास विवाह नोंदणीच्या दाखल्यालाही हाच फेरा आहे.

एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर कोणालाही पडताळून पाहता येतो. शंका असल्यास प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा निःशुल्क क्रमांक आहे. निघताना करार, व्हिसा आणि विमा पॉलिसी यांच्या छायाप्रती घरी ठेवाव्यात. पॉलिसीवर वारसाचे नाव बरोबर लिहिले आहे का, हे घरच्यांनी स्वतः वाचून पाहावे.