लिव्हरमधली पाण्याची गाठ

उजव्या बरगडीखाली दुखतं, पोट जड वाटतं, आणि आपण ते ‘पित्त असेल’ म्हणून अंगावर काढतो. मग कधीतरी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये येतं, ‘लिव्हरमध्ये सिस्ट’. घर घाबरून जातं.

सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. बहुतेक वेळा ती साधीच असते: भिंत पातळ, आत नितळ पाणी. त्रास नसेल तर औषधही लागत नाही.

पण पिशवीच्या आत पडदे असतील, भिंत जाड असेल किंवा तिच्यावर उंचवटा दिसत असेल, तर पुढची तपासणी हवीच. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या जंतामुळे होणारी हायडॅटिड गाठ अशी दिसू शकते. दुसरी फार क्वचित आढळणारी म्युसिनस गाठ. ती जवळजवळ नेहमी बायकांनाच होते, बहुधा चाळिशी-पन्नाशीत. आज ती कॅन्सर नसली, तरी पुढे त्यात कॅन्सर होऊ शकतो.

यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात, हायडॅटिडसाठी रक्तही तपासतात. त्याआधी सुईने पाणी काढायची घाई नको. हायडॅटिडचं पाणी पोटात सांडलं तर जोराची ॲलर्जी होऊन जिवावर बेतू शकतं. म्युसिनस गाठ नुसती रिकामी केली तर पुन्हा भरते. ती ऑपरेशनने भिंतीसकट पूर्ण काढावी लागते. काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासली की निदान पक्कं होतं.

म्हणून बायांनो, रिपोर्ट जपून ठेवा आणि डॉक्टरांना न लाजता विचारा, “गाठीत पडदे आहेत का?”