नावाआधीची अक्षरे

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेचे नाव एकेकाळी एका युद्धनौकेने समुद्रावर मिरविले होते. ती होती 'एच. एम. आय. एस. नर्बदा'. नर्बदा हे नर्मदेचेच इंग्रजी अमदानीतील रूप. पण आधीची ती चार अक्षरे कशासाठी?

जहाजाच्या नावाआधीची अक्षरे बहुधा दोनपैकी एका प्रश्नाचे उत्तर देतात : जहाज कोणत्या शक्तीवर चालते? किंवा, ते कोणाचे आहे?

पहिले उत्तर प्रवासी व मालवाहू जहाजे देतात. 'पी. एस.' म्हणजे पॅडल स्टीमर, बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी मागे लोटणारी आगबोट. 'एस. एस.' म्हणजे मुळात स्क्रू स्टीमर, मळसूत्री पंख्याने चालणारी. पुढे चाके मागे पडली आणि 'एस. एस.' म्हणजे स्टीमशिप, असाच अर्थ रूढ झाला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली 'रामदास' ही अशीच 'एस. एस.' होती. 'एम. व्ही.' म्हणजे मोटर व्हेसल. हिच्यात इंधन बॉयलरखाली न जळता इंजिनाच्या सिलिंडरमध्येच जळते. १९५९ साली पाण्यात उतरलेल्या अमेरिकेच्या 'सव्हाना'ला 'एन. एस.', म्हणजे न्यूक्लिअर शिप, ही अक्षरे मिळाली. गंमत अशी, की तिचे टर्बाइनही वाफच फिरवीत असे. उष्णता मात्र अणुगर्भाच्या विखंडनातून येई.

युद्धनौका दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात. 'एच. एम. आय. एस.' म्हणजे हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, अर्थात राजाचे भारतीय जहाज. जानेवारी १९४५ मध्ये 'नर्बदा' ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर लढली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांचा उठाव सुरू झाला तो 'एच. एम. आय. एस. तलवार'वर. ही 'तलवार' मात्र जहाज नव्हतीच! ते जमिनीवरचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र होते. नौदलात किनाऱ्यावरील केंद्रांनाही जहाजाप्रमाणेच नाव देतात. म्हणूनच आज डोंगरातल्या लोणावळ्याला 'आय. एन. एस. शिवाजी' आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तरी ती चार अक्षरे तशीच राहिली. तेव्हा भारत वसाहतीचे स्वराज्य होता आणि औपचारिक राष्ट्रप्रमुख इंग्लंडचा राजाच होता. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक आले, राजा गेला आणि 'सतलज'सारख्या नौका 'आय. एन. एस.' म्हणजे इंडियन नेव्हल शिप झाल्या.

'नर्बदा'ला मात्र ती अक्षरे लाभली नाहीत. फाळणीनंतर ती पाकिस्तानकडे गेली व 'एच. एम. पी. एस. झेलम' झाली. १९५६ साली पाकिस्तान प्रजासत्ताक झाल्यावर तिच्या नावाआधी 'पी. एन. एस.' आले. नौका एकच, सांगाडा तोच. परंतु एका साम्राज्याचा अस्त, फाळणी आणि प्रजासत्ताकाचा उदय, हे सारे तिच्या नावाआधीच्या अक्षरांत वाचता येते.

यापुढे वर्तमानपत्रात जहाजाचे नाव दिसले, की आधी ती अक्षरे पाहा. आणि ती 'कशाने?' सांगतात की 'कोणाचे?', हे ओळखा.